बी होस्टेलची प्रार्थनाखोली : १९३८ साली मराठवाड्याच्या मुलांना हैदराबादेतून नागपूरला का जावे लागले?

नोव्हेंबर १९३८. हैदराबाद शहराच्या कडेला, अडिकमेटच्या माळावर उस्मानिया विद्यापीठाचे नवे आवार उभे राहत होते. कला महाविद्यालयाच्या भव्य इमारतीचे काम अजून चालूच होते. वसतिगृहे मात्र गजबजलेली होती. त्यांपैकी ‘बी होस्टेल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वसतिगृहात हिंदू विद्यार्थ्यांच्या प्रार्थनेची एक खोली होती. त्या खोलीत विद्यार्थी ‘वंदे मातरम्’ म्हणत. महिना सरता सरता गीतावर बंदी आली. वर्ष संपण्याच्या आत शेकडो विद्यार्थ्यांची नावे आधी वसतिगृहाच्या आणि मग महाविद्यालयाच्या पटावरून गेली.

मराठवाड्यातल्या पाठ्यपुस्तकांत या घटनेला साधारणपणे एक ओळ मिळते : ‘विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् चळवळ केली.’ हा धागा त्या ओळीमागच्या वसतिगृहाचा आहे. तिथे कोण राहत होते, ते तिथवर का गेले, आणि त्या खोलीची आठवण पुढे तीन राज्यांत कशी वाटली गेली, याचा.

🧵

आधी एक साधा प्रश्न. नांदेडचा किंवा लातूरचा मुलगा शिकायला हैदराबादला का जाई?

कारण दुसरीकडे फारशी वाटच नव्हती. आजचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९३१ च्या जनगणनेनुसार संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ४४ लाख होती. त्यांतले साधारण ४८ टक्के लोक तेलुगू, २६ टक्के मराठी आणि ११ टक्के कन्नड बोलणारे; उर्दू मातृभाषा असणारे सुमारे १० टक्के. मराठी बोलणारे दर चौघांमागे एक इतके असूनही त्यांच्या प्रदेशात एकही पदवी महाविद्यालय नव्हते. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सरकारी इंटरमीजिएट कॉलेज होते. तिथे इंटर व्हायचे आणि पदवीसाठी हैदराबाद गाठायचे, हा क्रम ठरलेला.

नांदेडला निदान रेल्वे होती. मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग गोदावरीच्या खोऱ्यातून नांदेडवरून जात असे आणि हैदराबादेत काचीगुडा स्थानकाशी जोडलेला असे. लातूरची गोष्ट वेगळी. ते तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले व्यापारी गाव होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ साली झाला. लातूरला आलेली बार्शी लाइट रेल्वे अरुंद रुळांची, आणि तिचे तोंड बार्शीकडे, म्हणजे ब्रिटिश मुलखाकडे. माल आणि माणसे पश्चिमेला जात. परीक्षा आणि नोकरी मात्र पूर्वेला, राजधानीत.

हैदराबादेत १८८७ पासून निजाम कॉलेज होते. ते इंग्रजी माध्यमाचे आणि मद्रास विद्यापीठाला जोडलेले. त्याच्या समोर १९१८ च्या फर्मानाने सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने नवे विद्यापीठ उभे केले, आणि त्याला स्वतःचे नाव दिले.

🧵

उस्मानिया विद्यापीठाकडे केवळ ‘निजामाची संस्था’ म्हणून पाहिले, तर या गोष्टीतला अर्धा अर्थ निसटतो. ब्रिटिश भारतातील सरकारमान्य विद्यापीठे तेव्हा इंग्रजीत शिकवत होती. उस्मानियाने भौतिकशास्त्र, वैद्यक, कायदा, अभियांत्रिकी हे सगळे एका भारतीय भाषेत, उर्दूत शिकवायचे ठरवले. त्यासाठी १९१७ पासून ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतर कार्यालय उघडले गेले. पाश्चात्त्य ग्रंथांचे उर्दू अनुवाद झाले, परिभाषा घडवली गेली. संस्थानाचे शिक्षणप्रमुख रॉस मसूद १९२२ साली जपानला जाऊन आले. स्वभाषेत आधुनिक विद्या शिकवून एखादे राष्ट्र कसे उभे राहते, हे त्यांना पाहायचे होते. परतल्यावर त्यांनी जपानच्या शिक्षणपद्धतीवर पुस्तकही लिहिले.

प्रयोग धाडसी होता यात शंका नाही. अडचण इतकीच की जपानमध्ये जपानी ही लोकांची भाषा होती. हैदराबादेत उर्दू ही दरबाराची आणि कचेरीची भाषा. ती दहांतल्या एकाच्या घरात बोलली जाई. इंग्रजीच्या ओझ्यातून सुटका म्हणून जी भाषा पुढे केली, ती नांदेडच्या कुणब्याच्या किंवा वरंगळच्या विणकराच्या मुलासाठी आणखी एक परकी भाषा होती. घरी मराठी, शाळेत उर्दू, शिवाय सक्तीचे इंग्रजी. ही तारेवरची कसरत पार पाडून जो मुलगा हैदराबादला पोहोचे, तो आपल्या गावातला बहुधा पहिला किंवा दुसराच असे.

याच कसरतीने मराठवाड्याला एक वेगळा वारसाही दिला, हे नोंदवायला हवे. निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी पुढे निजामाच्या मुलकी सेवेत गेले आणि फारसी-उर्दू साधनांतून मराठ्यांचा इतिहास मांडणारे मोठे इतिहासकार झाले. त्या सक्तीचा जाच आणि तिचा लाभ, दोन्ही खरे आहेत. एकाच्या जोरावर दुसरे नाकारता येत नाही.

🧵

आता वसतिगृहाकडे.

अडिकमेटचे आवार म्हणजे निजामाच्या राज्याचा दगडात कोरलेला जाहीरनामाच होता. कला महाविद्यालयाची कोनशिला १९३४ साली बसली. वास्तुरचनाकार एर्नेस्ट जास्पर हे बेल्जियन. इजिप्तमध्ये काम केलेले. त्यांनी इस्लामी कमानी आणि अजिंठा-वेरूळच्या लेण्यांची आठवण करून देणारे खांब एकाच इमारतीत बसवले. संस्थानातल्या दोन परंपरांचा संगम, असा त्याचा अर्थ लावला जाई. वेरूळ मराठवाड्यातले. म्हणजे दगडात मराठवाड्याला जागा मिळाली होती.

माणसांना जागा वसतिगृहात मिळाली. इथे संस्थानाच्या रचनेतली एक विसंगती दिसते. तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटक हे संस्थानाचे तीन भाषिक प्रांत एरवी एकमेकांना क्वचितच भेटत. प्रत्येकाच्या संघटना वेगळ्या : आंध्र महासभा, महाराष्ट्र परिषद, कर्नाटक परिषद. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला झाले, दुसरे १९३८ साली लातूरला. तिथे मराठी भाषिकच जमले. परंतु बी होस्टेलमध्ये नांदेडचा मुलगा, करीमनगरचा मुलगा आणि रायचूरचा मुलगा एकाच खानावळीत जेवत होते. त्यांची समाईक भाषा उर्दू, आणि ती त्यांना राज्यानेच शिकवलेली. या मुलांना एकमेकांशी बोलायला शिकवले ते निजामाच्याच विद्यापीठाने.

विद्यापीठाला निष्ठावान ‘उस्मानियन’ घडवायचा होता. त्याचा पोशाखही ठरलेला : शेरवानी. धोतर नेसणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांना ती सक्ती टोचत असे. कपड्यांवरून वाद हे आज वाचताना क्षुल्लक वाटतात. पण वसतिगृहाचे आयुष्य अशाच गोष्टींचे बनलेले असते. काय नेसायचे, काय खायचे, कोणत्या खोलीत बसून काय म्हणायचे. राजकीय सभा घ्यायला सरकारची परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या कुप्रसिद्ध हुकमाने सार्वजनिक सभांचा गळा आवळलेला होता. अशा राज्यात प्रार्थनेची खोली ही जवळजवळ एकमेव जागा उरते, जिथे वीस-तीस तरुण रोज एकत्र बसू शकतात.

याच वसतिगृहांच्या जगातून मखदूम मोहिउद्दीनही आले, हे विसरू नये. तेही उस्मानियाचेच पदवीधर. ‘पीला दुशाला’ या हास्यकवितेने विद्यार्थ्यांत आधी ओळख मिळवलेला हा तरुण पुढे निजामशाहीविरुद्ध उभा राहिलेला साम्यवादी नेता आणि उर्दूतला मोठा कवी झाला. त्यामुळे १९३८ च्या प्रसंगाला ‘हिंदू विद्यार्थी विरुद्ध मुसलमान राज्य’ एवढ्या चौकटीत बसवणे सोपे असले, तरी त्या आवाराचे पूर्ण चित्र त्यात मावत नाही.

🧵

गीताविषयी थोडे.

‘वंदे मातरम्’ हे बंकिमचंद्र चटर्जी यांच्या १८८२ साली ग्रंथरूपाने आलेल्या ‘आनंदमठ’ कादंबरीतील गीत. वंगभंगाच्या काळात, १९०५ पासून, ते देशभर घोषणा म्हणून पोहोचले. कादंबरीचा संदर्भ आणि गीताच्या उत्तरार्धातील देवीरूपे यांमुळे अनेक मुसलमानांचा त्याला आक्षेप होता. काँग्रेस कार्यकारिणीने ऑक्टोबर १९३७ च्या अखेरीस कलकत्त्याच्या बैठकीत ठरवले की राष्ट्रीय प्रसंगी त्याची पहिली दोनच कडवी म्हटली जावीत. म्हणजे बी होस्टेलमध्ये गीत गाजण्याच्या वर्षभर आधीच त्याचा वाद देशाच्या पातळीवर चर्चिला गेला होता. हैदराबाद सरकारने बंदीसाठी हाच आधार घेतला : गीत जातीय आहे, त्याने इतरांच्या भावना दुखावतात.

पण काळाचा क्रम पाहिला की सरकारची खरी चिंता उघड होते. ७ सप्टेंबर १९३८ रोजी, स्थापना होण्यापूर्वीच, हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली गेली. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. तीनच दिवसांत स्वामी रामानंद तीर्थ यांची तुकडी पकडली गेली. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचाही स्वतंत्र सत्याग्रह सुरू झाला होता. तुरुंग भरत होते. अशा वेळी वसतिगृहातून येणारे सामुदायिक गीत सरकारला प्रार्थना म्हणून ऐकू येणे शक्यच नव्हते.

आणि खरे सांगायचे तर ते केवळ प्रार्थना नव्हतेच. विद्यार्थ्यांनाही हे पक्के ठाऊक होते. नेते तुरुंगात, संघटना बेकायदा, सभांना मनाई. अशा काळात प्रार्थनाखोलीतले गीत ही राजकीय कृती होती, आणि म्हणूनच मुलांना ती इतकी मोलाची वाटत होती.

🧵

ठिणगी प्रथम पडली ती हैदराबादेत नव्हे, मराठवाड्यात. नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला आणि प्रशासनाशी त्यांचा संघर्ष झाला. हे तेच कॉलेज, जिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत ‘बाबा-ए-उर्दू’ मौलवी अब्दुल हक प्राचार्य होते. दारुल तर्जुमाची सुरुवातही त्यांच्याच हातून झाली होती. उर्दू माध्यमाच्या प्रयोगाचे औरंगाबाद हे एक मोठे केंद्र, आणि त्या प्रयोगाला पहिला तडाही तिथेच गेला.

औरंगाबादच्या विद्यार्थ्यांच्या पाठीशी एक तरुण शिक्षक होता : गोविंदभाई श्रॉफ. १९११ साली जन्मलेले, कलकत्त्याहून उच्च शिक्षण घेऊन आलेले आणि डाव्या विचारांचे. सरकारी शाळेतली नोकरी त्यांनी सोडली आणि मराठवाड्याच्या पुढच्या साठ वर्षांच्या सार्वजनिक जीवनात ते आघाडीवर राहिले. चळवळीने विद्यार्थ्यांना घडवले असे म्हणतात; इथे तिने त्यांचा शिक्षकही घडवला.

औरंगाबादची बातमी काचीगुड्याला पोहोचायला रेल्वेची एक रात्र पुरे. महिन्याच्या अखेरीस बी होस्टेलमध्ये तेच घडले. प्रार्थनाखोलीत गीत म्हणू नये असा हुकूम आला. विद्यार्थ्यांनी तो मोडला. मग वसतिगृहातून काढण्याचा हुकूम निघाला.

इथे थांबून या शिक्षेचे स्वरूप समजून घ्यायला हवे. शहरातल्या मुलाला वसतिगृहाबाहेर काढले, तर तो घरी जातो. भोकर, औसा किंवा उदगीरच्या मुलाला काढले, तर त्याची ट्रंक रस्त्यावर येते. डिसेंबर म्हणजे शैक्षणिक वर्षाचा मध्य. वर्ष गेले तर घरची जमीन किंवा सावकाराकडून उचललेले पैसे यांचा हिशेब चुकतो. संस्थानातले सरकार हेच सुशिक्षितांसाठी सर्वांत मोठे नोकरी देणारे; त्याच्या विद्यापीठातून नाव गेलेला मुलगा त्या नोकरीला जवळजवळ कायमचा मुकतो. ‘गीत सोडा, नाहीतर खोली सोडा’ हे वाक्य म्हणूनच त्यांच्यासाठी फार महाग होते. शेकडोंनी खोली सोडली.

संप पसरत गेला. गुलबर्गा आणि वरंगळची इंटरमीजिएट कॉलेजे, पुढे जिल्ह्यांतल्या शाळाही त्यात ओढल्या गेल्या. वरंगळच्या कॉलेजातून बाहेर पडलेल्यांत सतरा वर्षांचा एक मुलगा होता, पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. १९९१ साली तो भारताचा पंतप्रधान झाला. त्याच काळात तुरुंगात फटके खाताना प्रत्येक फटक्याला ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या रामचंद्र राव या आर्य समाजी कार्यकर्त्याची कथा सर्वतोमुखी झाली. पुढे आयुष्यभर ‘वंदेमातरम्’ हाच शब्द त्यांच्या नावाआधी लागला.

२४ डिसेंबर १९३८ रोजी स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह स्थगित केला. नेत्यांच्या दृष्टीने तो डावपेच होता : जातीय स्वरूपाच्या दुसऱ्या सत्याग्रहाशी आपली गल्लत होऊ नये. पण पटावरून नावे गेलेल्या विद्यार्थ्यांना स्थगित करण्यासारखे काही उरलेच नव्हते.

🧵

मग जायचे कुठे? ब्रिटिश भारतातली विद्यापीठे वर्षाच्या मध्यात, तेही उर्दू माध्यमात शिकलेल्या आणि शिस्तभंगासाठी काढलेल्या मुलांना का घेतील?

नागपूरने घेतले. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी हैदराबादच्या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचा निर्णय केला. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात कुलगुरूंच्या सहीला फारशी जागा मिळत नाही. पण इथे त्या एका सहीने कित्येक मुलांचे वर्ष आणि बहुधा आयुष्यही वाचवले. नरसिंह रावही नागपूरलाच गेले. काही मुले अन्यत्र पांगली, काहींचे शिक्षण तिथेच संपले. त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत.

मराठी मुलांसाठी नागपूर हा अगदी वेगळा अनुभव होता. ज्या शहरात आपली मातृभाषा बाजारात, वर्तमानपत्रांत, व्याख्यानांत उघडपणे नांदते, असे शहर त्यांतल्या अनेकांनी प्रथमच पाहिले. अभ्यास मात्र अवघड झाला. ज्या शास्त्रीय संज्ञा दारुल तर्जुमाच्या उर्दूत पाठ केल्या होत्या, त्या आता इंग्रजीत पुन्हा शिकायच्या होत्या. तेलुगू मुलांची तर दोन्हीकडून कोंडी : शहर मराठी-हिंदी, वर्ग इंग्रजी. तरी बी होस्टेलची ओळख इथे उपयोगी पडली. नागपुरात ती मुले ‘मराठी’, ‘तेलुगू’, ‘कन्नड’ म्हणून नव्हे, तर ‘हैदराबादी’ म्हणून एकत्र होती.

स्टेट काँग्रेसवरची बंदी १९४६ पर्यंत टिकली. या काळात जी तरुण फळी गावोगाव काम करत राहिली, तिच्यात १९३८ ला कॉलेज सोडलेल्यांचा मोठा वाटा होता. १९३८ च्या आधी संस्थानातले राजकारण मुख्यतः वकिलांचे आणि प्रतिष्ठितांचे होते. त्यानंतर ते तरुणांचे झाले. ऑगस्ट १९४७ मध्ये ‘भारतात सामील व्हा’ अशी हाक आली, तेव्हा कॉलेज सोडून बाहेर पडण्याची रीत विद्यार्थ्यांना नव्याने शिकवावी लागली नाही.

🧵

इकडे अडिकमेटला काम थांबले नव्हते. ४ डिसेंबर १९३९ रोजी निजामाच्या हस्ते कला महाविद्यालयाच्या इमारतीचे उद्घाटन झाले. विद्यार्थ्यांना बाहेर काढल्याला जेमतेम वर्ष झाले होते. हिंदू आणि इस्लामी वास्तुशैलींच्या संगमाचे कौतुक झाले आणि ते योग्यही होते. इमारत आजही देखणी आहे. मात्र ज्यांच्यासाठी हा संगम साधला, त्यांतले कित्येक जण त्या दिवशी नागपुरात होते. संस्थानाला दोन परंपरा खांबांत एकत्र बसवता आल्या, प्रार्थनाखोलीत बसवता आल्या नाहीत.

सरकारची बाजू पूर्णपणे पोकळ होती असे म्हणता येणार नाही. मिश्र वस्तीच्या वसतिगृहात वादग्रस्त गीताचा प्रश्न कोणत्याही प्रशासनापुढे अवघडच असतो, आणि काँग्रेसलाही त्यावर दोन कडव्यांची तडजोड करावी लागली होती. पण उस्मानियाच्या प्रशासनाने तडजोडीचा मार्गच घेतला नाही. वाद एका खोलीतला होता, तो शिक्षेने संस्थानभर नेला. बंदी आली नसती, तर ‘वंदे मातरम्’ ही बी होस्टेलची एक सवय राहिली असती. बंदीने तिची चळवळ केली.

🧵

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. उस्मानियात उर्दूच्या जागी इंग्रजी माध्यम आले, आणि भारतीय भाषेत उच्च शिक्षणाचा तो मोठा प्रयोग संपला. तो ज्या पद्धतीने लादला गेला होता, त्या मानाने त्याचा शेवटही फार विचारपूर्वक झाला असे दिसत नाही. तीस वर्षांत घडवलेली परिभाषा ग्रंथालयात गेली.

हैदराबादची वाट मात्र लगेच बंद झाली नाही. नरहर कुरुंदकर मुळात आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्याचे; ते हैदराबादला मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहून शिकले. पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. लातूर जिल्ह्यातील चाकूरचे शिवराज पाटील हे उस्मानियाचेच विज्ञान पदवीधर; तेही पुढे लोकसभेचे अध्यक्ष आणि केंद्रीय गृहमंत्री झाले. या पिढीच्या मराठीत अधूनमधून डोकावणारी उर्दू त्याच वाटेवरून आलेली आहे.

पर्याय उभे राहत गेले. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, त्याचेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. ज्यांच्या घरातून बी होस्टेलपर्यंतही कोणी पोहोचले नव्हते, अशा मुलांना मिलिंदच्या वसतिगृहांनी प्रथमच दार उघडले. ती कहाणी स्वतंत्र आणि कदाचित याहून मोठी आहे. तिच्यासाठी वेगळा धागा हवा.

मग १ नोव्हेंबर १९५६. भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्य तीन तुकड्यांत गेले : तेलंगण आंध्र प्रदेशात, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात, गुलबर्गा-रायचूर-बीदर म्हैसूरमध्ये. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि मराठवाड्यातल्या कॉलेजांचा उस्मानियाशी संबंध संपला.

भाषावार राज्ये ही लोकांची न्याय्य मागणी होती. पण तिच्यामागून स्मृतींचीही वाटणी झाली, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. मराठवाड्यात ‘वंदे मातरम् चळवळ’ म्हटले की औरंगाबादचे कॉलेज आणि गोविंदभाई आठवतात. हैदराबादच्या वसतिगृहाचा उल्लेख ओझरता येतो. तेलंगणात तीच चळवळ नरसिंह राव आणि रामचंद्र राव यांच्या नावाने सांगितली जाते. त्याच चळवळीतली मराठी मुले त्या कथेत नाहीत. कर्नाटकात गुलबर्ग्याचा भाग तेवढा उरतो. प्रत्येक राज्याने आपापल्या भाषेचे विद्यार्थी वेचून नेले. एका छपराखाली तीन भाषांची मुले एकत्र उभी राहिली होती, हा त्या प्रसंगाचा गाभा. नेमका तोच तिन्ही राज्यांच्या पाठ्यपुस्तकांतून गळला.

१७ सप्टेंबरचेही तसेच. मराठवाड्यात तो ‘मुक्तिसंग्राम दिन’ म्हणून साजरा होतो, शासकीय ध्वजवंदन होते. हैदराबादेत त्या दिवसाला काय म्हणावे, यावरून अजून पक्षापक्षांत वाद चालतात. एकच तारीख, एकच संस्थान. पण सीमेच्या दोन बाजूंना तिचे अर्थ वेगळे.

🧵

१९९४ साली, १७ सप्टेंबरलाच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले जनार्दन वाघमारे त्याचे पहिले कुलगुरू. १९३८ च्या डिसेंबरात बी होस्टेलची मुले ट्रंका उचलत होती, तेव्हा ज्या माणसाला निजामाने तुरुंगात ठेवले होते, त्याच्याच नावाचे हे विद्यापीठ. आता किनवटच्या किंवा अहमदपूरच्या मुलाला पदवीसाठी परक्या भाषेच्या शहरात खोली शोधावी लागत नाही.

उस्मानियाच्या वसतिगृहांनी आपला स्वभाव सोडलेला नाही. १९६९ च्या तेलंगण आंदोलनात ती आघाडीवर होती. २००९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात स्वतंत्र तेलंगणासाठी त्याच आवारात विद्यार्थी आणि पोलीस समोरासमोर उभे राहिले. घोषणा वेगळ्या होत्या, राज्यकर्ते वेगळे होते, वसतिगृहे तीच.

आणि नांदेडचे हैदराबादशी नाते? विद्यापीठ तुटले, राज्य तुटले, रूळ राहिले. नांदेडचा रेल्वे विभाग आजही दक्षिण मध्य रेल्वेत आहे, आणि त्याचा कारभार सिकंदराबादेतून चालतो.